मोडीचे रुमाल

1758 पासून बिंबाजी भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या दफ्तरात रुळलेली मोडी लिपी आज रायपुरातील उच्चशिक्षित मराठी माणसापुढे ठेविली, तर भाषा स्वतःचीच असूनही तो निरक्षर ठरतो. कारण तीत शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहितात, शब्दांत अंतर राहत नाही आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही पाळला जात नाही. उलट, येथील कृषी विश्वविद्यालयात धानाच्या 20,000 हून अधिक नमुन्यांचा जो संग्रह आहे, त्यामागे पान, लोंबी व दाणा वाचणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिढ्या आहेत, आणि त्यांतील सही न येणाऱ्या शेतकरणीस निरक्षर म्हणताना माझी लेखणी अडखळते. तरीही खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, नकलेवरील स्वतःचे नाव तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, हे मला फार सलते.