वृक्षासन, पण मातीवर

घरातल्या फरशीवर वृक्षासन सहज जमतं. तेच तळजाई टेकडीवरच्या उंचसखल मातीत केलं की घोटा थरथरू लागतो. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान आणि पायांतले संवेदक. जमीन असमान असली की पायांची खबर सारखी बदलते, स्नायूंना क्षणोक्षणी दुरुस्ती करावी लागते. डोळे मिटून पाहा, नजरेचा वाटाही कळेल (झाडाचं खोड हाताशी असू द्या!).

शिवाय उजेड. दिवाणखान्यात जेमतेम काहीशे लक्स. बाहेर ऊन वर आल्यावर १०,००० च्या पुढे. डोळ्यांच्या पडद्यातल्या मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी तो टिपून मेंदूतल्या जैविक घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवतात. रात्री झोप कधी येणार, हेही त्यावर अवलंबून असतं. झाडाखाली जादा ऑक्सिजन मिळतो, हे मात्र सोडून द्या. उघड्यावर काय, घरात काय, तो सुमारे २१ टक्केच असतो.