ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेमिंग
परभणीच्या घरी गेमिंगसाठी जुना डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क आणलात, तर ग्राफिक्स कार्डाआधी पॉवर सप्लाय बघा. तो बरेचदा ३०० वॅटच्या आतला असतो आणि कार्डासाठी वेगळी वायरही नसते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. म्हणून जादा वायर न लागणारं जीटीएक्स १६५० इथे चालतं; कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचंच मागा. ८ जीबीची एकच रॅम असेल तर तशीच दुसरी जोडा, गेम अडखळणं कमी होतं. एसएसडीने मुख्यतः गेम लवकर उघडतो. परभणीचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. त्याआधी पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलाच. एवढ्या कमी पैशांत यानेही बराच फरक पडतो.