थेंब थेंब कुलंट

गाडीच्या वॉटर पंपाच्या अंगाला, दांड्याच्या बरोबर खाली, एक बारीक भोक असतं. ते कंपनीनंच पाडलेलं असतं. तरीही तिथून कुलंट ठिबकताना दिसलं की एपॉक्सी लावून ते बुजवणारे महाभाग आहेत. ठिबकणं थांबतं, गाडीमालक खूश होतो आणि काही दिवसांनी पुलीकडून घरघर ऐकू येऊ लागते. भोक बुजवल्यामुळे बाहेर जाणारं पाणी आत शिरलेलं असतं, बेअरिंगमध्ये.

पंपाची रचना तशी साधी. एक दांडा, त्याच्या एका टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली, दुसऱ्या टोकाला पात्यांचा इम्पेलर. मध्ये दांड्याला पेलणारं बेअरिंग, आणि बेअरिंग व पाण्याच्या मध्ये एक सील. या सीलचे दोन गुळगुळीत चेहरे, बहुधा एक कार्बनचा आणि एक सिरॅमिकचा, एकमेकांवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये कुलंटचाच अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्यांचं वंगण. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं. ते तिथे पोचून ग्रीस धुऊन काढण्याआधी बाहेर पडावं, म्हणून दोघांच्या मधल्या जागेला हे भोक दिलेलं. नवा पंप बसवल्यावर सुरुवातीला तिथे थोडी ओल दिसू शकते, कारण सीलचे चेहरे एकमेकांवर बसायला वेळ घेतात. त्यानंतरही थेंब येत राहिला तर पंपानं राजीनामा दिला असं समजावं. नोटीस पीरियड मात्र किती, ते तो सांगत नाही.

गंमत म्हणजे मोटारगाडी या पंपाशिवायही बरीच वर्षं चालली. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना वॉटर पंप होता. मग फोर्डनं तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्या भांडवलावर लाखो गाड्या धावल्या. पण इंजिनं लहान आणि तेज झाली तसा हा आळशी प्रवाह पुरेना. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यालाच वाहून न्यावा लागतो. पाणी जागच्या जागी थांबलं तर हेड वाकायला फार वेळ लागत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीत रेडिएटरचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेला असे. म्हणजे पंख्याचं वजनही पंपाच्या बेअरिंगवर. पट्टा तुटला तर पाणीही थांबे, वाराही थांबे. बोरघाटाच्या चढावर बॉनेट उघडून, वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावायला नको. पुढे मारुती ८००नं विजेवर चालणारा पंखा घरोघरी पोचवला आणि पंपाचा भार हलका झाला.

‘गाडी हीट होते’ ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की अनेक मेकॅनिक सरसकट थर्मोस्टॅट काढून फेकतात. मला हा उपाय मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिन योग्य तापमानाला ठेवतो. तो काढला की हायवेवर इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनं फिरत राहतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. आधी दोष कुणाचा ते ठरवावं.

गाडी सिग्नलला, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? संशय पंख्यावर. घाटात किंवा हायवेच्या वेगात तापते, गावात ठीक? मग रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. इंजिन कढत आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप मात्र गार, तर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट अडकलेला. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलचा रंग दुधाळ, असं असेल तर हेड गास्केट, आणि मग पंपाची चर्चा बाजूला ठेवून खर्चाची तयारी करावी.

पंपाचा संशय आला तर तपासणी इंजिन पूर्ण गार असतानाच करायची. कुलंटची पातळी महिन्याभरात उतरते का ते आधी पाहावं. मग टॉर्च आणि लहान आरसा घेऊन पंपाच्या खालचा भाग न्याहाळावा. ताजा थेंब दर वेळी दिसेलच असं नाही, कारण गरम इंजिनावर तो उडून जातो. मागे राहते ती खपली. कुलंट हिरवं तर हिरवट, गुलाबी तर गुलाबी, आणि नुसतं बोअरचं पाणी भरलेलं असेल तर पांढरी क्षाराची. भोकापासून खाली ओघळत गेलेली ही रेघ दिसली की निदान जवळजवळ झालं. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, उदाहरणार्थ पॅलिओचं १.२ लिटरचं फायर इंजिन, तिथे पंप कव्हरच्या आड असतो. मग कव्हरच्या खालच्या कडेला ओल शोधायची.

दुसरी खूण बेअरिंगची. बाहेरच्या पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा उतरवून पुली दोन्ही हातांनी धरून हलवावी. ती हातात लटपटता कामा नये. फिरवताना खरखर लागली तरी पंप गेला. चालू इंजिनात लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकणारे जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांची पारख अचूक असते. पण सदऱ्याची बाही आणि फिरता पट्टा यांच्यात अंतर ठेवायचं भान हवं.

सर्वांत फसवा पंप तो, जो गळतही नाही आणि ओरडतही नाही. त्याचा इम्पेलर दांड्यावर सैल होऊन जागीच घसरत असतो, किंवा प्लॅस्टिकचा असेल तर पाती तुटलेली असतात, लोखंडी असेल तर गंजून झिजलेली. पुली छान फिरते, पाणी फिरत नाही. अशा वेळी आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं एक बटण उपयोगी पडतं: हीटर. कुलंटची पातळी पूर्ण आहे, काटा वर चढलाय, आणि पूर्ण उघडलेल्या हीटरमधून मात्र गार वारा येतोय, तर पाणी फिरत नाहीये किंवा आत हवा अडकली आहे. पंप शाबूत असेल तर हाच हीटर चढावर तापत चाललेल्या गाडीची थोडी उष्णता बाहेर काढून तुम्हाला सुरक्षित जागेपर्यंत नेतो. मे महिन्यात घाम फुटेल, पण हेड वाचेल.

आता बदलायचं काम. गार इंजिन, बॅटरीची तार सुटी, खाली स्वच्छ टब. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात हात भाजतात. झाकणाचा दाब साधारण ०.९ बार असतो. त्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि शंभरीपार गेलेलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

कुलंट काढून पट्टा उतरवायचा आणि पंपाचे बोल्ट सोडवायचे. बोल्ट अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवले की परत बसवताना घोळ होत नाही. टायमिंग बेल्ट काढावा लागत असेल तर खुणा जुळवल्याशिवाय त्याला हात लावू नये. बऱ्याच इंजिनांत एखादा दात चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. हे काम घरच्या अंगणात करायचं नाही, हे माझं स्पष्ट मत. आणि इतकं उघडलंच आहे तर बेल्ट आणि टेन्शनरही बदलून घ्यावेत, कारण मजुरी तीच पडते.

खरा वेळ जातो तो जुनं गास्केट खरवडण्यात, आणि जायलाच हवा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर पोलादी पात्यानं पडलेला एक ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. नव्या गास्केटवर सिलंटचा लपका मारायची सवयही वाईट. जादा सिलंट आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. बोल्ट आलटूनपालटून, बेतानं आवळायचे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो, म्हणजे मनगटापुरता; खांद्याचा जोर लावला की आटे निघून हातात येतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पट्टाही गरजेपेक्षा ताणला तर नव्या बेअरिंगवर पहिल्या दिवसापासून ओझं.

भरायचं काय? आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असा युक्तिवाद पुण्याच्या नाना पेठेत पंप विकत घेताना काउंटरवरही ऐकू येतो. खरं तर उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच. पण कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं पाण्यात नसतात आणि मिश्रणाचा उकळबिंदूही जास्त असतो. बोअरच्या पाण्यातला क्षार सीलच्या गुळगुळीत चेहऱ्यांमध्ये जाऊन पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कंपनी सांगेल त्या प्रमाणात. काढलेलं जुनं कुलंट उघड्या टबात ठेवू नये. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

भरल्यावर हीटर उघडा ठेवून इंजिन चालवायचं, पंखा सुरू होईपर्यंत. हवेचे बुडबुडे निघाले की पातळी उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनात, ती पुन्हा पाहून भर घालायची.

बिल देताना जुना पंप मागून घ्यावा. पुलीच्या बाजूचं बेअरिंग खिळखिळं असेल तर पट्टा फार ताणलेला होता का ते विचारावं. भोकापाशी खपली आणि पाती नवीसारखी असतील तर सील वयानं गेलं. पण पाती गंजानं खाल्लेली असतील, पंपाच्या घरात तांबूस गाळ साचला असेल, तर तोच गाळ रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकमध्येही आहे. तो धुऊन न काढता नवा पंप बसवला असेल, तर गाडी त्याच दिवशी परत गॅरेजात लावून फ्लशिंग करून घ्यावं.