होडीची मोटर : हाताची घ्यावी की पायाची?

आमचा धंदा कापडाचा. मोटरशी आमचा संबंध दुकानातल्या पंख्यापुरता. तरीही आज आम्ही होडीच्या मोटरवर लिहीत आहोत, कारण या मोटरपायी आमचे स्वतःचे पैसे गुंतण्याची वेळ आली. त्या निमित्ताने जी चौकशी केली ती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना उपयोगी पडेल असे वाटते.

देवबागचा एक मच्छीमार आमचे जुने गिऱ्हाईक आहे. कापड उधारीवर नेतो आणि ठरल्या दिवशी पैसे आणून देतो. कर्ली खाडीत सकाळी पर्यटकांना गळाने मासे धरायला नेणे आणि संध्याकाळी स्वतः पाग मारणे, हा त्याचा रोजगार. होडी फायबरची, मागे पेट्रोलचे इंजिन. इंजिनाच्या आवाजाने मासळी बुजते आणि पेट्रोलचा खर्च वेगळा. म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घ्यायचे त्याने ठरवले. निम्मी रक्कम त्याने साठवली होती, निम्मी आमच्याकडे उसनी मागायला आला. दुकानदाराने त्याला पायाने चालणारी महागडी मोटर सुचवली होती. त्याने आम्हाला विचारले, "भाई, हाताची घेव काय पायाची?"

या मोटरला ट्रोलिंग मोटर म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर हे नाव ऐकताच ट्रॉलर आठवतो आणि कपाळाला आठी पडते. पण दोन्हींत फरक आहे. ट्रॉलर समुद्राच्या तळातून जाळे ओढतो. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ सोडून संथ जाणे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे १९३४ साली ओ. जी. श्मिट यांनी गिअरवर चालणारी अशी विजेची मोटर बनवली. मिनेसोटा आणि डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून तिला मिन कोटा नाव पडले. तिथे ही मोटर तळ्यांत आणि नद्यांत वापरली जाते.

हाताची मोटर बहुधा होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळतात. दांडा धरून दिशा द्यायची, मूठ पिळून वेग कमीजास्त करायचा. काम झाले की मोटर काढून घरी नेता येते. पायाची मोटर पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, बोल्टांनी पक्की बसवतात. पायाखालचे पेडल टाचेने दाबले की एका बाजूला, चवड्याने दाबले की दुसऱ्या बाजूला वळते. दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात.

आमचा पहिला कल पायाच्या मोटरकडेच होता. आम्ही जन्मभर शिंप्यांमध्ये वावरलो. हातमशीन चालवणाऱ्याचा एक हात चाकावर अडकतो, कापड एकाच हाताने सरकवावे लागते. पायमशीन आली की दोन्ही हात कापडावर येतात आणि काम वाढते. मग होडीवरही हाच हिशेब लागू व्हायला हवा, असे आम्हाला वाटले.

पण शिंपी स्टुलावर बसतो आणि त्याचे स्टूल जमिनीवर असते. होडीचे तसे नाही. म्हणून पैसे देण्याआधी आम्ही एक दिवस देवबागला गेलो. पेडल बसवायचे तिथे लाकडाचा ठोकळा ठेवला, त्याला दोरी बांधून वायरसारखी मागे बॅटरीपर्यंत नेली आणि त्याला म्हटले, आता रोजचे काम कर.

तासाभरात उत्तर मिळाले. पाग फेकताना माणूस दोन्ही पाय रोवून कमरेतून वळतो. ठोकळा नेमका पायाखाली आला, जाळ्याची शिशाची कडा दोरीत अडकली. तो म्हणाला, "भाई, पाग मारताना दोनय पाय व्हये." दुसरी गोष्ट त्याहून मोठी. सकाळी पर्यटक पुढे बसतात आणि नावाडी मागे. पेडल पुढे बसवले तर नावाड्याला गिऱ्हाइकाच्या जागेवर उभे राहावे लागेल. शिवाय आपल्या होडीची नाळ उंच आणि निमुळती. तिथे मोटर बसवायची तर आधी सपाट फळी बांधून घ्यावी लागते, तो खर्च वेगळाच.

मग पायाची मोटर वाईट का? मुळीच नाही. जो एकटा पुढे बसून दिवसभर गळ फेकतो, ज्याचे पाणी धामापूरच्या तलावासारखे संथ आहे, त्याला तीच सोयीची. दांडा धरवत नाही अशा अधू हाताच्या माणसालाही ती वरदान ठरेल. आता दूरनियंत्रकावर चालणाऱ्या आणि उपग्रहाच्या इशाऱ्यावर होडी एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटरीही आल्या आहेत. पण त्यांची किंमत लहान धंद्याला पेलणारी नाही.

हात-पाय ठरल्यावर ताकदीचा हिशेब करावा. माणसे, बॅटरी आणि सामानासह होडीचे जे वजन भरेल त्याच्या दोन टक्के ओढ तरी मोटरला हवी, असा ठोकताळा आहे. ५०० किलोंच्या होडीला १० किलो, म्हणजे २२ पौंड. पण कर्लीच्या संगमावर ओहोटीचे पाणी जोराने ओढते, म्हणून दुप्पट धरावी. बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर साधारण ५५ पौंडांपर्यंतची मोटर चालते. अशी मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर वीज खाते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू द्यायची नसते, तेव्हा पूर्ण वेगात तासभरच मिळतो. संथ वेगात तीन-चार तास निघतात. गाडीची बॅटरी या कामाला टिकत नाही, डीप सायकल बॅटरीच घ्यावी. परतीसाठी जुने इंजिन आणि वल्ही होडीत ठेवावीतच. ही मोटर खाडीची आहे, खुल्या समुद्राची नव्हे.

खाडीचे पाणी खारे, म्हणून खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच मोटर मागावी. गोड्या पाण्याची स्वस्त पडते, पण लवकर गंजते. रोज गोड्या पाण्याने धुवावी, पंख्यामागे गुंतलेली तंगूस काढावी, जस्ताचा तुकडा झिजला की बदलावा आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा.

आणखी एक. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना लागू असते, वल्ह्या-शिडाच्या होड्यांना सूट असते. वल्ह्याच्या होडीला विजेची मोटर लावल्यावर ती कोणत्या वर्गात जाईल, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियमही समजून घ्यावेत. मोटर घेतल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आमच्या गिऱ्हाइकाने हाताची मोटर घेतली. ती पायाच्या मोटरपेक्षा स्वस्त पडली आणि उरलेल्या पैशात चांगली बॅटरी आली. आमच्याकडून ठरल्यापेक्षा कमीच रक्कम उसनी घ्यावी लागली, तिचे हप्ते वेळेवर येत आहेत. पायाच्या मोटरसाठी आम्ही डोळे झाकून पैसे दिले असते, तर आमचे पैसे अडकले असते आणि एका कष्टाळू माणसाची बचत होडीच्या पुढच्या टोकाला नुसती टांगून राहिली असती.

आपल्यापैकी पुष्कळ जण कारागिरांना अवजारासाठी पैसे देतात. शिंप्याला मशीन, सुताराला रंधा, मच्छीमाराला मोटर. आमची एवढीच विनंती की दुकानदाराचा कागद पाहण्याआधी एकदा त्या माणसाच्या कामाच्या जागी जावे. काम करताना त्याचे हात कुठे असतात आणि पाय कुठे, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, मगच थैली सोडावी.