साखरेच्या मागावर

पेट-सीटी स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात, शिरेतून इंजेक्शन देतात आणि मग तासभर गप्प पडून राहायला सांगतात. हे गप्प राहणं केवळ शिस्तीसाठी नसतं. इंजेक्शनमध्ये ग्लुकोजसारखा रेणू असतो, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. कर्करोगाच्या बऱ्याच गाठी तो अधाशीपणे ओढून घेतात. पण मेंदू आणि राबणारे स्नायूही मागे नसतात. बडबड केली, तर स्वरयंत्राचे स्नायूच चित्रात उजळतात!

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. साठवणीचा प्रश्नच नाही. ते बनवणारा सायक्लोट्रॉन फार लांब असून चालत नाही. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

नुसत्या पेटमध्ये ठिपका दिसतो, पण तो फुफ्फुसात की शेजारच्या बरगडीत, हे नेमकं कळत नाही. ती जागा सीटी दाखवतं. म्हणून दोन्ही एकाच यंत्रात.

दुखापतीत असंच, पण पेटहून वेगळं तंत्र उपयोगी पडतं: हाडांचा स्कॅन. धावपटूच्या नडगीतली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसत नाही. हाड मात्र दुरुस्तीला लागलेलं असतं, आणि शिरेतून दिलेलं किरणोत्सारी टेक्नेशियमचं औषध नेमकं तिथे जमतं.

तरी पेटमध्ये उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. क्षयाच्या गाठीही तशाच चमकतात, आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही. अशा वेळी तुकडा काढून तपासावाच लागतो.