२०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठं होती?

जुनी गाडी घेताना : भाग ७

परगावचा माणूस जुनी गाडी बघायला गेला की आधी विचारतो, "किती पळालीय?" कोल्हापुरात हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पूर आला त्या आठवड्यात, गाडी कुठं लावली होती?

त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, बापट कॅम्प, जयंती नाल्याच्या काठच्या गल्ल्या पाण्यात होत्या, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. आणि हे पाणी आलं तसं झटक्यात उतरलं नाही, मुक्कामाला बसलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. माणसं निघाली, म्हातारी-कोतारी निघाली, म्हशी निघाल्या. तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या तिथंच राहिल्या. पुढं त्यातल्या काही भंगारात गेल्या. काहींचे पैसे विमा कंपनीनं दिले आणि सांगाडा लिलावात विकला. बाकीच्या धुऊन, पुसून, वाळवून परत रस्त्यावर आल्या. त्या आज कुणाच्या तरी दारात उभ्या आहेत, आणि त्यातली एखादी तुम्हाला दाखवायला कुणीतरी बॉनेट पुसत असेल.

या भागात स्पोर्ट्स कारचं बोलायचं ठरलं होतं, म्हणून पाण्यापासून सुरुवात केली. स्पोर्ट्स कार बसकी असते. बोलेरोच्या चाकाची रिंगही धड भिजत नाही एवढं पाणी हिच्या गालिच्यावर येतं.

आता स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकी कुठली, यावर कट्ट्यावर रात्र निघेल. दोनच दारं, दोनच सीट असा सोवळा अर्थ लावला, तर देशी गाड्यांत हाताला फार काही लागत नाही. १९९८ च्या सुमाराला सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' आली होती. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर. रूप वाघाचं, जोर शेरडाचा. पुढं 'डीसी अवंती' आली. पण कोल्हापूर-सांगलीच्या पोरांनी ज्यांचा खरा नाद केला त्या गाड्यांना दारं चार-चार, पाच-पाच होती. फियाटची पालिओ १.६, शंभर हॉर्सपॉवरची. होंडा सिटी व्हीटेक. आणि औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळवलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. सोवळ्यातल्यांनी मला माफ करावं. आमच्याकडं स्पोर्ट्स कार म्हटलं की हीच. ज्या गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी चालवून आला, त्या गावात वीस वर्षांच्या आरएसला अजून गिऱ्हाईक आहे यात नवल नाही.

तर मित्राचा भाचा अशीच एक लाल आरएस घ्यायला निघाला होता. २००५ ची. "मामा, तुम्ही नुसतं बघा आणि हो म्हणा," असं त्याचं म्हणणं. मालकानं अकराला बोलावलं होतं, आम्ही साडेनऊला गेलो. ही माझी जुनी खोड. गाडी पोर्चमध्ये सावलीत उभी होती. बॉनेटवर तळहात ठेवला, तर कोमट.

थंड इंजिन खोटं बोलत नाही. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. पहिल्या फिरकीला टॅपेट किती वेळ वाजतात, निळा धूर येतो का, आयडलिंग डुलतं का, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. एकदा गरम केलं की निम्मी दुखणी दबून जातात. मालकानं सकाळी गाडी चालू करून ठेवली म्हणजे तो लबाडच असतो असं नाही. पाहुणे येणार म्हणून आपणही घर झाडतोच की. पण इंजिन मिसळ खाऊन येईपर्यंत थंड होत नाही. मी म्हटलं, "दादा, संध्याकाळी पाचला येतो, तोवर हात लावू नका. तेवढी कागदं फक्त द्या बघायला."

कागदांबद्दल मागच्या भागांत बरंच लिहिलंय, इथं जुन्या गाडीपुरतं सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. म्हणजे २००५ ची गाडी २०२० ला एकदा आणि २०२५ ला दुसऱ्यांदा आरटीओत जाऊन आलेली पाहिजे. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये आहे, आणि परदेशातून आणलेली गाडी असेल तर ८०,०००. स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी पोर्शे शोधणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. हरित कर वेगळा.

चेसिस नंबर आरसी बुकाशी नुसता डोळ्यांनी ताडून भागत नाही. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. आरटीओत एजंट करतात तेच. घासून खोडलेला, पुन्हा ठोकलेला नंबर असेल तर छापात अक्षरं वरखाली उमटतात. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ज्या प्रकरणात गुन्हा नोंदवला ते प्रकरण याच अवंती गाड्यांचं होतं, आणि एकाच इंजिन-चेसिस नंबरवर एकाहून जास्त नोंदण्या झाल्याचा आरोप त्यात होता. दुर्मीळ गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असा समज असेल तर तो सोडा.

मला हवे होते ते विम्याचे जुने कागद. नो क्लेम बोनस वर्षागणिक चढत जातो, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एकदा क्लेम घेतला की पुन्हा शून्य. २०१९ च्या पॉलिसीवर ५० टक्के आणि २०२० च्या पॉलिसीवर शून्य दिसलं, तर मधे काय झालं ते सांगायला माणूस लागत नाही. पण जुन्या गाडीत ही खूण दगा देते. चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीला बहुतेक लोक थर्ड पार्टीच घेतात. त्यात पुराचे पैसे मिळत नाहीत, मग क्लेमही नाही आणि नोंदही नाही. इथंही थर्ड पार्टीच होती. आरसीवरचा पत्ता शाहूपुरीचा, २०१७ पासून.

"पुरात गाडी कुठं होती?"

"कागलला. मेव्हण्याकडं." उत्तर फटकन आलं. खरंही असू शकतं.

पाचला आमच्याबरोबर मिस्त्री होते. वाय. पी. पोवार नगरात त्यांचं शेड आहे. आयुष्य हेड आणि ब्लॉक उघडण्यात गेलेलं. गाडी थंडगार होती. चावी फिरवली, टॅपेट दोन सेकंद वाजले आणि गप्प झाले. धूर नाही. या इंजिनाला एका सिलिंडरला पाच, असे एकूण वीस व्हॉल्व्ह; टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट कधी बदलला, त्याबरोबर पाण्याचा पंप बदलला का, याचं बिल मागितलं. बिल होतं, दोन वर्षांपूर्वीचं. नुसतं "बदललाय" या तोंडी उत्तराला मी "बदलला नाही" असंच समजतो.

मिस्त्रींनी प्लग काढून कॉम्प्रेशन लावलं. इथं काटा किती चढतो यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का, ते बघायचं. पाण्यात चालू राहिलेल्या किंवा पाणी आत असताना चावी मारलेल्या इंजिनात कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा उतरतं. हिचे चारही जवळपास सारखे. भाच्याचा चेहरा फुलला.

मग वाघबीळला गेलो. टर्बो गाडी रंकाळ्याच्या कडेनं फिरवून कळत नाही, चढ लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून पाय दाबून धरला. टर्बोनं ढकललं ते एकसारखं, मधे अडखळलं नाही. खाली येताना पाय उचलून गाडी गिअरवर उतरू दिली आणि पायथ्याला एकदम रेस दिली. आरशात निळा ढग दिसला तर व्हॉल्व्ह गाईड किंवा सील गेले समजायचं. दिसला नाही. खड्ड्यात पुढून डावीकडं खडखड आली. कंट्रोल आर्मचे बुश, आपल्या रस्त्यांना ते चालायचंच. चाळीस-पन्नास हजारांचं काम निघालं असतं, त्याहून जास्त नाही.

"मामा, नाद खुळा गाडी आहे," भाचा म्हणाला. मलाही तेच वाटत होतं, आणि इथंच मी क्रम चुकवला होता. इंजिन ऐकल्यावर माणूस विरघळतो. पाण्याच्या खुणा त्याच्या आधी बघायला हव्यात.

यात कोल्हापूरची एक खास अडचण आहे, ती इतर गावांना तेवढी समजणार नाही. लोखंडाचं काही बिघडलं तर हे गाव घाबरत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. ओतायचं, कातायचं, घासायचं, बोअर मारायचं काम इथं पिढ्यान् पिढ्या चाललंय. हेड वाकलं तर फेस करून मिळेल, न मिळणारा बुश लेथवर करून मिळेल. त्यामुळे आमचे लोक गाडी बघताना इंजिनावरच सगळा जीव लावतात. पण पुराचं पाणी इंजिनात क्वचित राहतं. ते वायरिंगमध्ये बसतं, कनेक्टरमध्ये बसतं, सीटखालच्या कंट्रोल युनिटमध्ये बसतं. पोर्शे बॉक्सस्टरच्या पहिल्या पिढीत इमोबिलायझरचं युनिट सीटखाली खोबणीत असतं. छपराच्या निचऱ्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्यानं तुंबल्या तरी तिथं पाणी साचतं आणि गाडी चालूच होत नाही. तिथं पूर लागत नाही, वळीव पुरतो. अशा युनिटला लेथ काही करू शकत नाही.

परत आलो आणि पोर्चमध्ये मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण ओढला. स्वच्छ, नवाकोरा. बेल्टच्या बुडाशी कापडी चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर बनवल्याची तारीख असते. तारीख २०२० ची. गाडी २००५ ची. सीटबेल्ट कुणी हौसेनं बदलत नाही. एअरबॅग फुटली तर बदलतात, नाहीतर...

शेजारच्या सीटचा बेल्ट ओढला. त्यावरची तारीख जुनी होती. या बेल्टचं रीळ मधल्या खांबाच्या पायथ्याशी असतं, गाडीच्या तळापासून जेमतेम वीतभर. गाडी धुणारा बाहेर दिसतो तेवढा पट्टा धुतो, आतल्या वेटोळ्यांपर्यंत त्याचा हात जात नाही. पट्टा पूर्ण ओढल्यावर अजून हात-दीड हात निघाला, शेवटचा, जो एरवी कधी बाहेर येत नाही. तो तांबूस होता. नखानं खरवडला तर बारीक गाळ निघाला, पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्यात असतो तो. मग दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचकटून गालिच्याखालच्या स्पंजात बोट घातलं. वर कोरडा, खाली दमट. सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या.

मिस्त्री खाली बसून बराच वेळ बघत होते. मग उठले आणि भाच्याला म्हणाले, "इंजिन झकास हाय. पर ही पाण्यात बसलेली हाय, बाळा. आज काय न्हाई हुणार. पुढच्या पावसात एक काच वर जायची न्हाई, त्याच्या पुढच्या पावसात भर रस्त्यात बंद पडंल, आणि कुठली वायर ते देवाला ठाऊक."

"कमी करून मागू का?" भाच्यानं मला कुजबुजत विचारलं.

मी मिस्त्रींकडं बघितलं. "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भावात दिली तर घे," ते म्हणाले, "म्हंजी ती काढून दुसऱ्या आरएसला लावायची. चालवायला न्हाई." त्या भावात ती कुणी देणार नव्हतं, आणि भाच्याला सांगाडा ठेवायला जागाही नव्हती.

मालक कागलचं काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. चहा आला, तो प्यालो. निघताना मागं वळून बघितलं, तर तो दार उघडून वाकला होता. गाळानं जड झालेला पट्टा रिळात आपोआप जात नव्हता. तो एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं थोडा थोडा आत सारत होता.