आकाश उतरते असेल तर?

दुर्बिणीने टिपलेले एखाद्या दीर्घिकेचे प्रकाशचित्र डोळ्यांसमोर आणा. मध्ये तेजस्वी गाभा, भोवती फिकट होत जाणारी तबकडी आणि बाकी सारा काळोख! पण तो काळोख खरा नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरांतील अणूंचा मंद उजेड, ग्रहांमधल्या धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश, कधी चांदणे, कधी गावातले दिवे, या साऱ्यांचा पातळ पडदा चित्रभर पसरलेला असतो. उत्तम वेधशाळेवरच्या चंद्रहीन रात्रीही एका चौरस विकलेतून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सुमारे २२ व्या प्रतीच्या ताऱ्याइतका प्रकाश येतो. दीर्घिकेची कड २७ व्या प्रतीइतकी फिकट असू शकते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट.

आता हिशेब करू. समजा, चित्राच्या एका ठिपक्यात आकाशाचा प्रकाश १००० एकक आहे आणि दीर्घिकेच्या कडेचा १०. आकाश सगळीकडे सारखे असेल तर १००० वजा केले की काम झाले. पण डावीकडे ते ९९५ आणि उजवीकडे, एखाद्या ठळक ताऱ्याच्या विखुरलेल्या उजेडामुळे, १००५ असेल तर? सरसकट १००० वजा केल्यावर डावी कड ५ आणि उजवी १५ दिसेल. आकाशातला फरक अवघा एक टक्का, पण दीर्घिका एका बाजूला तिप्पट तेजस्वी ठरली! शेजारच्या दीर्घिकेने हिला ओढून वाकडे केले, असा निष्कर्षही कोणी काढील.

अशा मोजणीसाठी पीटर अर्विन यांनी ‘इम्‌फिट’ नावाची संगणक-आज्ञावली लिहिली. तिचे वर्णन २०१५ साली प्रसिद्ध झाले. गाभा, तबकडी, आकाश अशा एकेका घटकाचे गणिती प्रारूप घेऊन ती कृत्रिम चित्र रचते, खऱ्या चित्राशी ताडून पाहते आणि फरक कमीत कमी होईपर्यंत प्रारूपांतील संख्या बदलत राहते. ती मुक्त आहे. म्हणजे तिचा मजकूर कोणीही वाचावा, त्यात भर घालावी. सपाट आकाशाच्या जोडीला तिच्यात पुढे उतरत्या आकाशाचे प्रारूपही आले. त्याचे गणित तुमच्या वहीतलेच आहे:

आकाश = अ + क × क्ष + ख × य

‘अ’ ही उंची, ‘क’ आणि ‘ख’ हे दोन दिशांचे उतार. क्ष आणि य मात्र चित्राच्या मध्यापासून मोजावेत. कोपऱ्यापासून मोजले तर उतार जरा बदलताच मध्याची उंचीही हलते, ती सावरायला ‘अ’ बदलावा लागतो, आणि संगणक या ओढाताणीत रेंगाळतो.

अशी भर घालणाऱ्याचे खरे काम सूत्र लिहून झाल्यावर सुरू होते. उंची आणि उतार ठाऊक असलेले कृत्रिम चित्र करायचे, त्यात खऱ्यासारखी चढउताराची धूळ मिसळायची आणि आज्ञावली तेच आकडे परत देते का ते पाहायचे. उतार शून्य ठेवला तर उत्तर जुन्या सपाट प्रारूपाशी तंतोतंत जुळले पाहिजे. मगच ती भर मूळ लेखकाकडे तपासणीला पाठवायची.

उतार जमला, मग वक्र आकाश का नको? मोह होतो खरा. पण प्रारूप जितके लवचीक, तितके ते दीर्घिकेची फिकट कड आकाश समजून गिळून टाकते. चित्र सुरेख जुळते आणि दीर्घिका मात्र आखूड होते.